टिकल्या, कॅरेट आणि एक जुनी साडी

जुन्नर तालुक्यातली एक दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा. मी बाईंना विचारलं, "गोष्टीची पुस्तकं आहेत का हो शाळेत?"

"आहेत की ताई, भरपूर आहेत," त्या म्हणाल्या आणि टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला. तिसरी किल्ली लागली. लोखंडी कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. खालच्या कप्प्यात परीक्षेचे जुने पेपर, मधल्या कप्प्यात खिचडीच्या हिशेबाच्या वह्या आणि सगळ्यात वर, बाईंचाही हात टाचा उंचावल्याशिवाय पोचणार नाही अशा जागी, दोनशेच्या आसपास पुस्तकं. नवी कोरी. काहींची पानं कापताना चिकटलेली, ती अजून सुटलीही नव्हती.

दाराशी चौथीतली चार पोरं येऊन उभी राहिली. कपाट उघडलं की काहीतरी खास असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ती वाघाची पुस्तक आहे का त्यात?" दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पाहुणे आले होते तेव्हा ते पुस्तक तिनं लांबून पाहिलं होतं. दोन वर्षं तिनं ते लक्षात ठेवलं होतं.

गेली काही वर्षं मी शाळाशाळांतून वर्गवाचनालयं मांडायच्या कामात हातभार लावते आहे. या काळात एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली. मूल आणि पुस्तक यांच्यामध्ये दरवेळी पुस्तकांची टंचाईच असते असं नाही. बऱ्याचदा मध्ये एक कपाट असतं आणि ते हटवायला फार पैसे लागत नाहीत. दोरी, चिमटे, टिकल्या, फुटके कॅरेट, एक जुनी साडी आणि दोन-तीन दुपारी एवढ्यावर काम भागतं. हे सामान कुठे मिळतं, कसं वापरायचं आणि कुठे चुका होतात, ते आम्ही करून पाहिलं तसं इथे लिहिते आहे.

कुलूप का लागतं?

बाईंना दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढतं. खुर्ची, घंटा, तराजू यांच्या रांगेतच वाघाची गोष्ट. बदली झाली की पदभार देताना वहीतली प्रत्येक वस्तू मोजून द्यावी लागते. पुस्तक फाटलं, हरवलं तर निर्लेखनाचे कागद करावे लागतात, आणि तो व्याप नको म्हणून कितीतरी शिक्षक कुलूप लावून मोकळे होतात. कुलपामागे आळस नसतो, भीती असते.

खरं तर कायदा मुलाच्या बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत आणि पहिली ते आठवीच्या शाळेला 13,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. हे पैसे पुस्तकांसाठी असतात. ती मांडायची कशावर, चिकटवायची कशानं, दुरुस्त कशी करायची, हा खर्च मात्र बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्याच खिशातून होतो. म्हणूनच स्वस्त सामानाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. तो समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला दिला आहे, जिथे पुस्तकं फळीला साखळीनं बांधून ठेवलेली असत. आपल्याकडे पोथ्या लाल कापडात, बासनात बांधून ठेवत. पोथी टिकावी म्हणून ते बासन होतं. पण भाषेनं त्याचा पुढचा अर्थही नोंदवून ठेवला आहे: एखादी गोष्ट बासनात गुंडाळली म्हणजे ती संपलीच. मुलांच्या पुस्तकांचं हेच होतं.

पातळ पुस्तकाला कणा नसतो

कपाटातून काढून पुस्तकं फळीवर उभी लावली की झालं, असं आम्हाला सुरुवातीला वाटलं होतं. लावलीही. आठवडाभर एकाही मुलानं हात लावला नाही.

कारण पुस्तकाच्या बांधणीत होतं. मोठ्यांच्या जाड पुस्तकाला कणा असतो आणि कण्यावर नाव छापलेलं असतं. लहान मुलांची पुस्तकं सोळा किंवा चोवीस पानांची, मधोमध दोन पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो. अशी पन्नास पुस्तकं फळीवर उभी केली तर समोरून दिसतात फक्त कागदाच्या पन्नास कडा. ज्या मुलाला अजून धड वाचता येत नाही, त्याला चित्रावरूनच पुस्तक ओळखायचं असतं, आणि नेमकं चित्रच झाकलं जातं.

म्हणून वर्गवाचनालयाच्या मांडणीत माझ्या मते एकच नियम महत्त्वाचा. पुस्तकाचं तोंड मुलाकडे हवं आणि ते मुलाच्या हाताला लागायला हवं. पुढचं सगळं सामान या एका नियमासाठीच आहे.

दोरी आणि चिमटे

सगळ्यात स्वस्त उपाय दोरीचा. खिडकीच्या गजापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर पुस्तकं टांगायची. भिंतीत खिळे ठोकावे लागत नाहीत. सुतळी नको, ती आठवड्यात झोळ देते. नायलॉनची, करंगळीच्या निम्म्या जाडीची दोरी घ्यावी आणि मध्ये एखादा आधार द्यावा. उंची पहिलीतल्या मुलाच्या छातीइतकी. आमची पहिली दोरी बाईंच्या खांद्याच्या उंचीवर बांधली गेली होती, कारण ती आम्ही मोठ्यांनी आमच्या सोयीनं बांधली.

चिमट्यानं पुस्तकाचं वरचं टोक धरलं की चार दिवसांत मुखपृष्ठ फाटतं. त्याऐवजी पुस्तक मधोमध उघडून, वाळत घातलेल्या टॉवेलासारखं दोरीवर टाकायचं आणि चिमटा फक्त सरकू नये म्हणून लावायचा. लाकडी चिमटे दिसतात छान, पण त्यांच्या स्प्रिंगा पावसाळ्यात गंजतात आणि कागदावर तपकिरी डाग सोडतात. प्लास्टिकचे चिमटे उन्हात ठिसूळ होतात, पण वर्गात ऊन कुठलं? तेच बरे.

साडीची भिंत

बाईंनी घरून एक जुनी सहावारी आणली. अंगाला विरलेली, पण काठ शाबूत. काठाची वीण दाट असते, त्यामुळे बाकीची साडी गेली तरी तो टिकतो. गावातल्या शिलाई करणाऱ्या मावशींना आम्ही कप्प्यांचा पडदा शिवायला सांगितला. पाठीला साडीचं दुहेरी कापड, पन्हा पंचेचाळीस इंच, उंची पाच फूट. त्यावर चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार कप्पे. कप्पे जाड पारदर्शक प्लास्टिकचे. जेवणाच्या टेबलावर अंथरतात ते, मीटरवर मिळतं. कप्प्याची उंची पुस्तकाच्या निम्मी, म्हणजे मुखपृष्ठाचा वरचा भाग बाहेर राहतो आणि खालचा आतूनही दिसतो.

प्लास्टिकवर मशीन चालेना. दाबपट्टीखाली ते चिकटून बसायचं आणि टाके एकाच जागी पडायचे. मावशींनी दोनदा उसवलं. मग उठून देव्हाऱ्याशेजारची खोबरेलाची बाटली आणली, एक बोट तेल प्लास्टिकवरून ओढलं आणि वर्तमानपत्राची पट्टी वर ठेवून शिवण घातली. मशीन सुरळीत धावलं. शिवण झाल्यावर कागद टराटरा फाडून काढला. प्रत्येक कप्प्याच्या वरच्या कडेला त्यांनी आपणहून साडीचा काठ लावला. "पोरं हात घालणार, प्लास्टिक चिरंल," एवढंच म्हणाल्या. तो पडदा आज तिसऱ्या वर्षी जसाच्या तसा आहे. वरून झेंड्याची जुनी काठी ओवली आहे, खालून लाकडी पट्टी, म्हणजे पडदा गुंडाळला जात नाही. सोळा कप्प्यांत चाळीसेक पुस्तकं मावतात.

टोमॅटोच्या कॅरेटमध्ये गोष्टी

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या हंगामात प्लास्टिकच्या कॅरेटांच्या भिंती उभ्या असतात. वीस किलोचं एक कॅरेट. कान तुटलेलं, कोपरा चिरलेलं कॅरेट मालाला चालत नाही, ते भंगारात जातं. आपल्याला ते चालतं. कॅरेटमध्ये पुस्तकं तोंड पुढे करून एकामागे एक उभी करायची. मुलं बोटानं पुढे पाडत पाडत चाळतात आणि हवं ते उचलतात. बाजूंना जाळी असल्यामुळे हवा खेळते, पावसाळ्यात ओल धरत नाही.

पण ते आणल्या आणल्या वापरायचं नाही. त्यात फवारलेला माल येऊन गेलेला असतो. सोड्याच्या पाण्यानं घासून, दोन दिवस उन्हात ठेवून मगच वर्गात न्यायचं. चिरलेली कड पॉलिश पेपरनं घासायची, नाहीतर बोटं कापतात. एका कॅरेटमध्ये पंचवीस-तीसच पुस्तकं. जास्त भरली की लहान बोटांना चाळता येत नाही, कमी असली की सगळी आडवी पडतात. कमी असतील तर मागे कागदात गुंडाळलेली एक वीट ठेवावी. एकावर एक कॅरेट रचायचा मोह आवरावा. रचलेच तर तारेनं एकमेकांना आणि खिडकीच्या गजाला बांधावेत. मुलं त्यावर चढणारच.

बुरुडाकडची टोपलीही कामाची, मात्र गोल नको. गोल टोपलीत चौकोनी पुस्तकं वाकतात आणि त्यांचे कान दुमडतात. आठवडी बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसलेल्या काकांना आम्ही चौकोनी बुडाची, पसरट टोपली विणून मागितली. त्यांनी पुस्तकाचं माप म्हणून एक गोष्टीचं पुस्तकच मागून घेतलं. आठ दिवसांनी टोपली आणि पुस्तक दोन्ही आलं. वर निरोपही आला: नातीला पुस्तक आवडलं, दुसरं आहे का?

टिकल्यांचं वर्गीकरण

मोठ्या ग्रंथालयांची दशांश पद्धत पहिलीच्या वर्गात कामाची नाही. मुलांना स्वतःचं वर्गीकरण करू द्यावं. आम्ही सगळी पुस्तकं सतरंजीवर पसरली आणि मुलांना म्हटलं, सारखी सारखी एकत्र ठेवा. दीड तास गोंधळ चालला. शेवटी ढीग पडले ते असे: प्राण्यांची, भुतांची, हसायची, रडायची, खऱ्या गोष्टींची आणि "आमच्यासारख्या पोरांची". एका पुस्तकात वाघही होता आणि ते हसायचंही होतं, त्यावरून भांडण झालं. तेवढ्यासाठी ते पुस्तक दोघांना वाचावं लागलं.

खुणेसाठी रंगीत गोल स्टिकर शहरात मिळतात. बाजारातल्या बांगड्यांच्या पथारीवर त्याहून स्वस्त वस्तू होती, टिकल्या. लाल म्हणजे प्राणी, हिरवी म्हणजे खरी गोष्ट, काळी म्हणजे भूत. टिकली मुखपृष्ठाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लावून वर पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती कुणाच्यातरी कपाळावर जाते. तोच रंग कॅरेटवर लावला की वाचता न येणारं मूलही पुस्तक जागच्या जागी ठेवू शकतं. आवरण्याचं काम शिक्षकाकडून मुलाकडे गेलं, तरच वाचनालय टिकतं.

पुस्तकांच्या पायऱ्याही असतात. प्रथम बुक्ससारखे प्रकाशक पुस्तकावरच चार पातळ्या छापतात. त्या शिक्षकाला मार्ग दाखवण्यासाठी आहेत. "तू अजून पहिल्याच पातळीवर" असं मुलाला कधीही ऐकवू नये. अवघड पुस्तक नुसतं चित्रांसाठी नेणारं मूलही वाचकच असतं.

लग्नपत्रिका, मिठाईची खोकी आणि पतंगाचा कागद

देवघेवीसाठी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक खिसा लागतो आणि त्यात एक कार्ड. आपल्या घरोघरी लग्नपत्रिकांचा साठा असतो. पत्रिकेचं पाकीट अर्धं कापलं की खिसा, पत्रिकेची कोरी बाजू म्हणजे कार्ड. पुस्तक नेणाऱ्यानं कार्डावर नाव लिहायचं आणि ते मिठाईच्या खोक्यात स्वतःच्या वर्गाच्या कप्प्यात टाकायचं. पुस्तक आलं की कार्ड पुन्हा खिशात. चौथीतली दोन मुलं हे सगळं सांभाळतात. जडसंग्रहाची वही बाईंकडेच राहते, पण आता तिची भीती कमी झाली आहे, कारण कोणतं पुस्तक कुणाच्या घरी आहे हे खोकं सांगतं.

दुरुस्तीत सर्वांत मोठा शत्रू सेलोटेप. वर्षा-दोन वर्षांत तो पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फाटलेल्या पानाला पांढरा पतंगाचा कागद लावावा. पातळ असल्यामुळे खालची अक्षरं वाचता येतात. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. पूर्वी बांधणीवाले किडीसाठी तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या पुस्तकात नको. लागेल तेवढी ताजी खळ करावी आणि चिकटवलेलं पान वजनाखाली रात्रभर ठेवावं.

पुस्तकाच्या पिना गंजल्या की पानं सुटतात. पिना काढून त्याच घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं. मधल्या भोकातून सुई बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, खालच्या भोकातून पुन्हा बाहेर आणि मधल्यातून आत. दोन्ही टोकांची गाठ आतल्या लांब टाक्यावरून बांधायची. चौथीतली मुलं हे पाच मिनिटांत शिकतात.

कोकणात आणि मावळपट्ट्यात आषाढ-श्रावणात पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावीत. वाळवी भिंतीतून येते, कसर ओलीतून. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून कॅरेटात ठेवायची जुनी रीत आजही चालते. डांबरगोळ्या मात्र मुलांच्या हाताशी नकोत. पण सगळ्यात चांगलं औषध म्हणजे वापर. रोज उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात कसर मुक्काम करत नाही.

ही वाट जुनीच आहे

हाताशी असेल त्यातून शिक्षणाचं सामान करायची परंपरा आपल्या मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं. त्यांनी बिया, शंख, खडे, पानं घेऊन तेच काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणवाडीच्या रूपानं शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली आणि असंख्य पुस्तकं सगळ्यांना मोफत खुली करून दिली. गोव्यात बुकवर्म ही संस्था 2005 पासून मुलांच्या वाचनालयांचं काम करते आहे. साधन साधं असलं तरी चालतं, विचार मात्र पक्का हवा, हे या सगळ्यांनी दाखवून दिलं.

म्हणूनच एक आग्रह. सामानात काटकसर करा, पुस्तकांत करू नका. "मुलांसाठी पुस्तकं द्या" म्हटलं की जुनी गाइडं, पंधरा वर्षांपूर्वीचं सामान्यज्ञान, भेट मिळालेल्या स्मरणिका येतात. ती नम्रपणे परत करावीत किंवा रद्दीत घालून आलेल्या पैशांत एक चांगलं पुस्तक घ्यावं. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, एकलव्य, तुलिका यांची चित्रमय पुस्तकं मुलांना मनापासून आवडतात आणि बरीचशी खिशाला परवडतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी मोफत आहेत आणि त्या छापून वापरायची मुभा आहे. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे' शिक्षकानं स्वतःसाठीही वाचावं.

हिशेब

त्या शाळेतला आमचा खर्च असा झाला: दोरी 60 रुपये, तीन डझन चिमटे 120, प्लास्टिक 180, शिलाई 200, जुने चार कॅरेट 240, टिकल्या 30, दोरा आणि दाभण 40, पॉलिश पेपर 20. एकूण 890 रुपये. टोपलीचे पैसे काकांनी घेतले नाहीत, त्याऐवजी नातीसाठी दर आठवड्याला एक पुस्तक मागितलं. साडी, पत्रिका आणि खोकी घरचीच.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पूर्वी बाई सगळं मोजून कुलपात ठेवायच्या. त्या वर्षी त्यांनी प्रत्येक मुलाला चार-चार पुस्तकं घरी दिली. कॅरेट रिकामे झाले, दोरी मोकळी झाली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

सुट्टी संपल्यावर मी गेले तेव्हा मुलं पुस्तकं परत करत होती. दोन आली नाहीत. ती कुणाकडे आहेत हे खोक्यावरून कळलं, त्यातलं एक मामाच्या गावी राहिलं होतं. वाघाचं पुस्तक आलं, त्याच्या सातव्या पानावर तेलाचा मोठा डाग होता. आणणारी तीच, दोन वर्षं ते लक्षात ठेवलेली मुलगी. मान खाली घालून उभी.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, आई चकल्या तळत होती. तिला वाचून दाखवत होते."

बाईंनी डागावर बोट फिरवलं. तेल कागदात मुरलं होतं, मागच्या पानावरचा वाघ त्यातून अंधूक दिसत होता. त्यांनी कार्ड पुन्हा खिशात घातलं आणि पुस्तक तिच्याच हातात दिलं. ती दोरीपाशी गेली, ते मधोमध उघडून टाकलं आणि चिमटा लावला. तिला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत.

दिवाळीची साफसफाई आपल्या सगळ्यांच्या घरी होते. माळ्यावरून लग्नपत्रिकांचा गठ्ठा, विरलेल्या साड्या आणि रिकामी खोकी खाली येतील, तेव्हा ती टाकण्याआधी आपल्या जवळच्या शाळेत एकदा जाऊन या. आधी फक्त एवढंच विचारा की पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते.